वैनगंगेत पडलेला पाना

"मिस्त्री, खाली पाहा जरा. आज पानी नितळ हाये. तुमचा पाना दिसते का?"

डोंगा मधल्या धारेला लागला की कोलू ढिवर हा प्रश्न विचारायचाच. नऊ वर्षं विचारत होता. लियाकत मिस्त्रीनेही नेहमीसारखं डोंग्याच्या काठावरून पाण्यात डोकावून पाहिलं.

"दिसला असता तं तुह्या डोंग्यात बसलो असतो का? उडी नसती मारली?"

"वाघूर माशानं गिळला असन," कोलू म्हणाला. "एखाद्या दिवशी जाळ्यात लागन अन् मासा चिरला का पोटातून तुमचा पाना. मंग तुमाले अर्धा मासा अन् पाना पुरा."

"पाना आता गंजून माती झाला असन."

"लोखंड हाये मिस्त्री, मानूस नाई." कोलूने बांबू तळाला टेकवून जोर दिला. "राज्य बदललं म्हनतेत. आता आपन मुंबईचे झालो. मले तं मुंबईवाला कोनी अजून डोंग्यात बसलेला दिसला नाई."

लियाकत हसला. पिशवी मांडीवर होती आणि उजवा हात पिशवीखाली होता. गेले आठ महिने तो हात असाच कशाच्या तरी खाली, कशाच्या तरी आड असे.

लियाकत चांद्याचा. पठाणपुरा दरवाज्याच्या आत त्याची एक खोली होती. तिथे चूल होती, पण ती रोज पेटत नसे. बायको मलिका जाऊन चौथं वर्ष चाललं होतं. मूलबाळ नव्हतं. वय अठ्ठावन्न. धानाच्या गिरण्या आणि लाकडाच्या आरा-गिरण्या यांची तेलावर चालणारी इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांवर असं इंजिन क्वचितच होतं, ज्याच्या पोटात त्याचा हात गेला नव्हता.

इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधलं की पंधरा दिवसांनी तो पुन्हा जाई. या जाण्याला तो दुसरी फेरी म्हणायचा. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. ते आणि खालचं सिलिंडर यांच्यामध्ये तांब्याची पातळ गॅस्केट असते. इंजिन तापतं, निवतं, पुन्हा तापतं. गॅस्केट दबून बसते आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेले हेडचे नट तेवढे सैल पडतात. मग इंजिन पूर्ण थंड असताना ते पुन्हा कसावे लागतात. एका बाजूने सुरू करून नाही, समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे. हे राहिलं तर गॅस्केट फुटते आणि ऐन हंगामात गिरणी बंद पडते.

लोकांना हे पटत नसे. पहिल्यांदाच नीट कसले असते तर दुसऱ्यांदा यावं कशाला लागलं असतं, असा त्यांचा साधा हिशेब. लियाकत दुसऱ्या फेरीची मजुरी घेत नसे, फक्त जेवण घेई. त्यामुळे नदीकाठच्या गावांत 'मिस्त्री जेवाले आला' असंच म्हणत. त्याने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते अगदीच खोटंही नव्हतं. पहिल्या फेरीला सगळे घाईत असतात, इंजिन उघडं पडलेलं असतं, मालकाचा जीव टांगणीला लागलेला असतो. दुसऱ्या फेरीला गिरणी चालू असते, लोक बसायला सांगतात, कोणी तरी विचारतं, "झालं का काम?" चांद्याच्या खोलीत हा प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

पण आजची फेरी निराळी होती. आज त्याला भीती वाटत होती.

गेल्या उन्हाळ्यात एका आरा-गिरणीवर इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र झोपल्यासारखी झाली ती झालीच. वजन उचलता येई, पाना धरता येई. पण धरलेल्या पान्याचं बोलणं बोटांना ऐकू येईना. गडचिरोलीच्या नव्या गिरणीवर नागपूरहून एक तरुण मेकॅनिक येई. त्याच्या पान्याला काटा होता. जोर किती लागला ते काटा सांगे. लियाकतचा काटा त्याच्या बोटांत होता. नट घट्ट होत आला की तो डोळे मिटून घ्यायचा आणि बोटांनी ऐकायचा. डिसेंबरात पिंपळटोल्याच्या धुरपताबाईच्या गिरणीचं हेड बसवताना त्याने सहाही नट कसले, पण एकाही नटाने त्याला बस म्हणून सांगितलं नाही. अंदाजाने थांबला. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. गेले पंधरा दिवस मात्र चांद्यात भाकरी मोडताना, नमाजाआधी वजू करताना, त्याला ते सहा नट दिसत होते.

डोंगा रेतीला लागला. लियाकत उतरला आणि थबकून कान दिला. तिथून अर्ध्या कोसावर पिंपळटोला. वारा इकडचा असला की तिथल्या इंजिनाचा ठोका नदीपर्यंत येतो. आज ठोका येत नव्हता.

"बंद हाये," कोलू म्हणाला. "काल तं चालू होतं. तुमी येनार म्हनून गार कराले ठेवलं असन."

"असन," लियाकत म्हणाला, आणि जरा जास्तच झपाझप निघाला.

*

गिरणी गावाबाहेर, चिंचेखाली. कुडाच्या भिंती, वर कौलं. धुरपताबाईच्या नवऱ्याने लढाई संपल्यावर हे इंजिन आणलं आणि वर्षभरात तापाने तो गेला. गावाला वाटलं, बाई इंजिन विकेल. बाईने विकलं नाही. थोरला दीर, म्हणजे भासरा, देवाजी मात्र तेव्हापासून गिऱ्हाईक शोधत होता, आणि या वर्षी त्याला गडचिरोलीचं एक गिऱ्हाईक मिळालंही होतं. यंदाच्या हंगामात इंजिन बंद पडलं तर विकायचं, चाललं तर पुन्हा विकण्याचं नाव काढायचं नाही, असं पंचांसमोर ठरलं होतं. डिसेंबरात इंजिन खोलताना बाईने हे लियाकतला सांगितलं होतं. एकदाच, धानाचा भाव सांगावा तशा सरळ आवाजात.

दारात चार-पाच बाया धानाच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यातली सुकरी सगळ्यांत तोंडाळ.

"आले वो आले, मिस्त्री आले! धुरपताबाई, आज आमचं धान काऊन अडवून ठेवलं ते आता समजलं. पाहुना येनार होता."

"पाहुना नाई, वैद्य हाये तो," आतून आवाज आला. "इंजिन गार नसलं तं त्याचा इलाज चालत नाई. बस गुपचूप."

धुरपताबाई बाहेर आली. पंचेचाळिशीची, उंच, केसांवर कोंडा बसलेला. तिने लियाकतकडे पाहिलं, त्याच्या पिशवीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काल सांजेपासून बंद ठेवलं जी. पार थंडं हाये. पानी घ्या आधी."

"पानी मंग. आधी पाहून घेतो."

इंजिनाशेजारी पोत्यावर देवाजी बसला होता. तो उठला नाही.

"राम राम मिस्त्री. मी मुद्दाम आलो. मनलं पाहावं, मिस्त्री ढिलं ठेवते तरी किती."

"ढिलं ठेवत नाई देवाजीभाऊ. इंजिन बसते, त्याच्यासंगं नट बसते."

"गडचिरोलीच्या गिरनीवरचा नागपूरवाला एकदाच कसते. काट्याचा पाना हाये त्याच्यापाशी. तुमच्यासारखं दोनदा जेवाले येत नाई."

दारातल्या बाया हसल्या. लियाकतने पिशवीतून पाना काढला आणि हेडवर वाकला.

नट कसून झाले की तो तंबाखूच्या डबीतला चुना अंगठ्याने घेई आणि प्रत्येक नटावरून खाली हेडवर उतरणारी एक रेघ ओढी. दुसऱ्या फेरीला नट फिरला की रेघ तुटे. किती तुटली त्यावरून नट किती सैल होता ते कळे. आज सहाही रेघा सलग होत्या. देवाजीला त्या दाखवून तो म्हणाला, "ह्या रेघा पाहा. आता तुटतीन."

पहिल्या नटाला पाना लावला. उजव्या हाताने ओढलं. नट हलला नाही. हात दगा देत असेल म्हणून डाव्या हाताने ओढलं. तरी हलला नाही. समोरचा घेतला. तोही नाही. तिसऱ्यावर त्याने डावा हात घट्ट रोवून अंगाचा भार दिला, आणि नटाने डाव्या हाताच्या बोटांना स्वच्छ सांगितलं: बस.

लियाकतने पाना काढून घेतला. पंधरा दिवस चाललेल्या इंजिनाचा नट थोडाही फिरू नये, हे चाळीस वर्षांत त्याने पाहिलं नव्हतं. तो आणखी खाली वाकला. रेघा सलग होत्या, पण फार पांढऱ्या होत्या. पंधरा दिवसांचं तेल आणि काजळी त्यांच्यावर नव्हती. आणि त्या बारीक होत्या. त्याच्या अंगठ्याची रेघ रुंद येई. या कोणीतरी करंगळीने ओढल्या होत्या.

मग त्याला नटाच्या कोपऱ्यावरचा ओरखडा दिसला. नखाएवढा, अर्धचंद्रासारखा, ताजा. दुसऱ्या नटावर तसाच. सहाच्या सहा नटांवर. हातातल्या पान्याचा असा ओरखडा उठत नव्हता. असा ओरखडा एकाच पान्याचा उठे. त्या पान्याच्या जबड्याचा एक टवका उडालेला होता आणि तो कानशीने घासायचा नेहमी राहून जाई. तो पाना नऊ वर्षांपूर्वी वैनगंगेत पडला होता.

लियाकत वाकलेलाच राहिला. धुरपताबाई पलीकडे सुपाने कोंडा पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"काय झालं मिस्त्री?" देवाजी उठून जवळ आला. "एक बी रेघ तुटली नाई. एक बी नट हलला नाई. मंग आलेच काऊन तुमी?"

लियाकतने पुन्हा रेघांकडे पाहिलं. खरं सांगावं तर, पहिल्या फेरीला आपल्याकडून नट ढिले राहिले आणि ते दुसऱ्याच कोणी कसले, हे कबूल करावं लागणार होतं. खोटं बोलावं तर हातातला पाना समोर होता. चाळीस वर्षांत तो पान्यासमोर कधी खोटं बोलला नव्हता.

सुपाचा आवाज थांबला.

"नट हलला का नाई ते मिस्त्रीच्या हाताले कळते भासरे," धुरपताबाई म्हणाली. "तुमच्या डोळ्याले नाई. मिस्त्री, तीन राह्यले ना? घ्या कसून. बाया खोळंबल्या हायेत."

लियाकतने उरलेले तीन नट घेतले. पाना लावायचा, भार द्यायचा, काढायचा. एकही हलला नाही. शेवटच्या नटावर त्याने डोळे मिटले. मग डबी काढली, जुन्या रेघा चिंधीने पुसल्या आणि अंगठ्याने नव्या ओढल्या. रुंद.

"झालं," तो म्हणाला.

इंजिन पहिल्याच हँडलला लागलं. देवाजीने इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात का ते पाहिलं, हेडभोवती बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं निघालं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग धोतर झटकून निघून गेला. सुकरीने आपली टोपली आधी पुढे सारली.

*

दुपारी बाया गेल्या तेव्हा लियाकत गिरणीला लागूनच असलेल्या बाईच्या ओसरीत जेवायला बसला. भिंतीतल्या कोनाड्यात एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी आणि एक पेला असे. ती फक्त त्याची. गावाची रीत होती ती. तो स्वतःच थाळी काढी, बाई वरून वाढी, जेवण झालं की तो स्वतः घासून परत ठेवी. नव्या तांदळाचा भात होता, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी.

"कवा कसले?" त्याने मान खाली घालूनच विचारलं.

"बाजाराच्या दिवशी. गिरनी बंद होती." बाई उंबऱ्यावर बसली. "तुमी गेल्यावर पाचव्या दिवशी टाकीत बुडबुडे याले लागले. हेडापाशी पानी पाझरून राह्यलं होतं. भासऱ्याले दिसलं असतं तं गिऱ्हाईक घेऊनच आला असता."

"मले निरोप काऊन नाई धाडला?"

"निरोप धाडला असता तं निरोप गावाले समजला असता."

लियाकतने घास घेतला नाही.

"तुमचा हात मले पह्यल्या फेरीलेच दिसला जी," ती म्हणाली. "नट कसता कसता तुमी डोळे मिटून घेत होते. यंदा नाई मिटले. भिताडाकडे पाहून राह्यले होते."

चिंचेवर होले घुमत होते.

"बराबर कसले," तो अखेर म्हणाला. "माह्यापेक्षा बराबर. कसं जमलं?"

"तुमीच नोतं का सांगतलं, माहे मालक गेले त्या वर्षी? धानाचा भारा बांधताना दोर करकरला का थांबाचं. त्याच्या पुढं ओढला तं दोर तुटते. भारे बांधाचं तं मले येते." ती किंचित हसली. "समोरासमोरची जोडी चुकू नये म्हनून कसलेल्या नटावर एक एक धान ठेवत गेली."

"अन् पाना?"

ती उठली. आतल्या ढोलीत, धानाच्या कणगीत, कोपरापर्यंत हात घालून तिने धानातून एक गाठोडं काढलं. जुन्या लुगड्याचा तुकडा सोडला. पाना होता. तेल लावलेला, कुठे गंजाचा ठिपका नाही. जबड्याला टवका.

लियाकतने तो डाव्या हातात घेतला. वजन ओळखीचं होतं.

"कुठी सापडला?"

"सापडला नाई. पडलाच नोता." ती पान्याकडे पाहत होती. "ते पह्यलं साल. मालक गेले होते. इंजिन पाह्यलं का मले भेव लागे. दुसऱ्या फेरीले तुमी म्हनले, आता चार-पाच वर्सं पाहा लागत नाई, मी येत नाई. तवा पिशवीतून काढून ठेवला. मनलं, पान्यासाठी तरी मानूस परतून येईन."

"मी लोहाराकडून दुसरा घडवून घेतला," लियाकत म्हणाला.

"हो. चार वर्सांनी आले तवा सांगतलं, डोंग्यातून पान्यात पडला म्हनून. हासून हासून सांगत होते. मंग कसा देऊ?"

त्या साली मलिका होती. पाना हरवला म्हणून तिने त्याला खूप चिडवलं होतं. लियाकतला ते आठवलं, आणि नंतर तिच्या जाण्याचं जे आठवलं ते त्याने मनातच ठेवलं. पाना गेल्यापासून या गिरणीत तो चार वेळा आला होता. चार वेळा याच ओसरीत बसला होता. पाना दहा हातांवर होता.

त्याने पाना लुगड्याच्या तुकड्यात पुन्हा गुंडाळला आणि तिच्यापुढे ठेवला.

"हा इथीच राहू द्या. पुढच्या खेपेले लागन."

"पुढच्या खेपेले तुमी याल ना."

"पुढची खेप चार वर्सांनी, बाई." त्याने उजवा हात प्रथमच, कशाच्याही आड न घेता, मांडीवर उघडा ठेवला. बोटं अर्धी मिटलेली होती. "खोलाले नागपूरवाला बोलवा. तो चांगला हाये. काटा हाये त्याच्यापाशी. फक्त दुसऱ्या फेरीले तो येनार नाई. तवा तुमीच कसा."

"अन् जेवाले?"

"जेवाले काय?"

"लोक म्हनतेत मिस्त्री जेवाले येते." ती थाळीकडे पाहत म्हणाली. "म्हनू द्या ना."

लियाकतने थाळी जवळ ओढली. भात संपवला. थाळी घेऊन तो मोरीकडे निघाला, राख घेतली, पण थाळी उजव्या हातातून निसटून दगडावर वाजली. तो उचलायला वाकण्याआधी ती वाकली होती. तिने थाळी उचलली, घासली आणि पाणी निथळायला आपल्या भांड्यांशेजारी पालथी घातली.

*

उन्हं कलली तेव्हा तो काठावर पोहोचला. मागे इंजिन चालू होतं. कोलू जाळं गुंडाळून वाटच पाहत होता.

"झाली दुसरी फेरी?"

"झाली."

"काय जेवन होतं?"

"वांग्याची भाजी."

"मासा नाई? मंग काय मजा." कोलूने डोंगा रेतीवरून लोटला आणि उडी मारून आत आला. धार आली तसा त्याने बांबू थांबवला. "पाहून घ्या मिस्त्री. ऊन तिरपं हाये, तळ दिसून राह्यला. सापडन आज तुमचा पाना."

लियाकत काठावरून वाकला. खाली वाळू होती, वाळूवर उन्हाची जाळी हलत होती, आणि तिच्यातून बोटभर मासे एका दिशेने चालले होते.

"नाई दिसत," तो म्हणाला. "असन इथीच कुठी तरी. राहू दे."

"पुढच्या खेपेले पाहू."

"हो."

कोलूने बांबू रेटला. इंजिनाचा ठोका पाण्यावरून येत होता, एकसारखा, एकही चुकला नव्हता. लियाकतने डावा हात उजव्या मनगटाभोवती धरला आणि डोळे मिटले. डोंगा पलीकडच्या रेतीला घासला, कोलू "उतरा जी" म्हणाला, तरी ठोका ऐकू येत होता तोवर तो तसाच बसून राहिला.